कोपरखैरणेतील एका इकोचा सायलेन्सर : सुट्या भागांच्या चोरीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहनिर्माण संस्था कोपरखैरणेच्या एका जुन्या सेक्टरमध्ये आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून सेक्टरचा क्रमांक, सभासदांची नावे आणि काही किरकोळ तपशील वगळले आहेत किंवा बदलले आहेत. इमारत उभी राहिली तेव्हा घरटी एक दुचाकी असणे हेही पुष्कळ मानले जात होते, त्यामुळे स्टिल्टखाली आणि मागच्या मोकळ्या जागेत मिळून चौदा गाड्या मावतात. आज सभासदांच्या चारचाकी गाड्या सव्वीस आहेत. उरलेल्या बारा गाड्या रात्री कुंपणाच्या भिंतीलगत सेक्टरच्या अंतर्गत रस्त्यावर उभ्या राहतात. नवी मुंबईच्या जुन्या नोडमध्ये, म्हणजे वसाहतींमध्ये, हे चित्र कोणत्याही गल्लीत दिसते, आणि त्याची सवय झाल्यामुळे त्यात काही जोखीम आहे असे कोणाला वाटेनासे झालेले असते.

ज्यांच्या गाडीतून चोरी झाली ते सभासद ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांमध्ये वातानुकूलन यंत्रांच्या देखभालीची कामे घेतात. त्यांच्याकडे खाजगी नोंदणीची, कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली बीएस-६ या प्रदूषण मानकाची मारुती इको आहे आणि चोरीच्या वेळी गाडीला तीन वर्षे पूर्ण होऊन चौथे चालू होते. आतल्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या तेव्हा त्यांची चिठ्ठी निघाली नव्हती. गाडी रस्त्यावर, एका डेरेदार गुलमोहराखाली उभी असे. पालिकेचा दिवा जवळच होता, पण त्याचा उजेड फांद्यांत अडकून गाडीपर्यंत पोचत नव्हता. शिवाय रस्ता अरुंद असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडथळा नको म्हणून ते डावीकडची दोन्ही चाके पदपथावर चढवून गाडी लावत. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

नेमका हाच भाग का

सायलेन्सर म्हणजे लोखंडी नळी आणि डबा, त्याला भंगारात कितीसे पैसे येणार, असा प्रश्न संस्थेतील अनेकांनी विचारला. किंमत डब्याची नसते. पेट्रोल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या गाडीच्या धुराच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो, आणि इकोचा सायलेन्सर नेला की तोही सोबत जातो. भारतात चार महानगरांमध्ये १९९५ साली शिसेविरहित पेट्रोल आले, तेव्हापासून नव्या पेट्रोल गाड्यांना तो लागू झाला. त्याच्या पोटात मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ थर असतो. गरम धूर त्यातून जाताना कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. एका गाडीत हे धातू जेमतेम काही ग्रॅम असतात. पण २०२१ मध्ये ऱ्होडियमचा जागतिक भाव एका औंसाला जवळपास ३० हजार डॉलरपर्यंत गेला होता, हे लक्षात घेतले की त्या काही ग्रॅमचा अर्थ कळतो. भाव त्यानंतर बराच उतरला, तरी चोरीचा धंदा एकदा जमला की तो भावाबरोबर लगेच आटोपत नाही. आतली वीट फोडून तिची पूड केली जाते, तिला या व्यवहारात सरळ 'माती' म्हणतात. माती झाल्यावर ती कोणत्या गाडीतली होती हे सांगण्याचा सामान्य माणसाकडे कोणताही मार्ग उरत नाही.

मुंबई, ठाणे आणि गुजरातमध्ये अशा चोऱ्यांच्या बातम्यांत इकोचे नाव वारंवार येते. गाडी जमिनीपासून पुरेशी उंच आहे, खालचा भाग बराच उघडा आहे आणि धुराची नळी मोजक्या नट-बोल्टांवर व रबरी हँगरांवर टांगलेली आहे. जॅक न लावता माणूस खाली सरकू शकतो आणि पाना चालवू शकतो.

घटना आणि पहिले दोन तास

ऑगस्टमधली पावसाळी रात्र होती. सकाळी मालकांनी गाडी सुरू केली तेव्हा इंजिनाचा आवाज एवढा मोठा झाला की पहिल्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या गेल्या. खाली वाकून पाहिले असता नळी फ्लँजपाशी, म्हणजे बोल्टच्या जोडापाशी, सोडवलेली होती, दोन रबरी हँगर लोंबत होते आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर कापलेली होती. भाग तोडलेला नव्हता, व्यवस्थित सोडवलेला होता.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता आणि तो घेण्यासाठी मिनिटभराचाही अवकाश नव्हता, कारण महापे येथील एका कारखान्यात त्यांची वाट पाहिली जात होती. त्यांच्या मेहुण्यांचा सल्ला होता, "भाऊजी, आवाज झाला तर होऊ दे, हळूहळू गॅरेजपर्यंत नेऊ." मालकांनी तो मानला नाही. गाडी बंद करून त्यांनी जागेवरूनच ११२ क्रमांकावर कळवले आणि पाऊस उघडेपर्यंत थांबून खालचे फोटो काढले. हा निर्णय दोन कारणांनी योग्य होता. सायलेन्सर नसताना धूर गाडीच्या मधोमध, प्रवाशांच्या पायाखाली सुटतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही व त्याला वासही नसतो. शिवाय सीएनजी गाडीत इतका गरम झोत जिथे जाऊ नये तिथे जाऊ देणे धोक्याचे आहे. दुसरे कारण पंचनाम्याचे. गाडी हलवली असती तर पदपथावर चढलेली चाके, चिखलात उमटलेल्या सरकण्याच्या खुणा आणि तिथेच पडलेला एक बोल्ट यांची नोंद झाली नसती; पुढे विमा कंपनीच्या सर्वेक्षकाने जे पहिले कागद मागितले त्यांत घटनास्थळाचा पंचनामा होता.

त्या सकाळी एक गोष्ट मात्र राहून गेली. समोरच्या बाजूला एका किराणा दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे रोखलेला होता. त्याचे चित्रण मागायचे सर्वांच्या मनात आले, पण ते काम पोलिसांचे, असे गृहीत धरून कोणी दुकानदाराशी बोलले नाही. तपास अंमलदार दुकानात पोचेपर्यंत आठवडा उलटला होता आणि यंत्रातील जुने चित्रण नव्याखाली पुसले गेले होते. छोट्या दुकानांतील बहुतेक यंत्रांत साठवण इतकीच असते. चित्रण ताब्यात घेणे हे पोलिसांचे काम खरेच, परंतु "त्या रात्रीचे पुसू देऊ नका, एक प्रत काढून ठेवा" एवढी विनंती करायला कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती. असे चित्रण न्यायालयात चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. तो भाग नंतर पोलीस पाहतात. आधी चित्रण शिल्लक राहिले पाहिजे.

पोलीस ठाण्यातील कागद

ठाण्यात मालकांना आरंभी साधा अर्ज देऊन जाण्यास सुचवण्यात आले. एका परिचिताने तर ऑनलाइन 'हरवल्याची नोंद' करून तिची छापील प्रत विम्याला लावण्याचा सोपा उपाय सांगितला. गाडीखालून सोडवून नेलेली वस्तू हरवलेली नसते. तशी नोंद करणे म्हणजे स्वतःच्याच सहीने चोरी नाकारणे होय, आणि विमा कंपनीने त्यावर बोट ठेवले असते तर मालकांपाशी उत्तर नव्हते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीची शिक्षा कलम ३०३(२) मध्ये आहे. तिच्यासोबत लागू झालेल्या प्रक्रिया कायद्याने, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने, एक भेद केला आहे जो गाडीच्या सुट्या भागांच्या बाबतीत फार महत्त्वाचा ठरतो : चोरीला गेलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर तो गुन्हा अदखलपात्र, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत असा, धरला जातो. व्हीलकॅप, वायपर, एखाद्या लहान गाडीचा आरसा यांची तक्रार अदखलपात्र नोंदीवरच थांबते याचे कारण बहुधा हेच असते. "सायलेन्सर गेला" एवढेच ऐकल्यावर समोरचा माणूस जुन्या लोखंडी डब्याची किंमत मनात धरतो. मालक दुपारी अधिकृत कार्यशाळेतून त्या भागाचे छापील अंदाजपत्रक घेऊन परत गेले. त्यात सेन्सरसह भागाची किंमत ५२ हजार आणि मजुरी २ हजार रुपये होती. तो कागद टेबलावर ठेवल्यानंतर प्रथम खबर नोंदवली गेली आणि तिची प्रतही मिळाली; ही प्रत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे खबर देणाऱ्याला विनामूल्य द्यावयाची असते. सकाळी झालेल्या बोलण्यापेक्षा दुपारचे बोलणे निराळे झाले ते त्या एका कागदामुळे, असे मालकांचे म्हणणे आहे, आणि ते खरे मानायला हरकत नाही. ज्यांच्या गाडीत महागडे सुटे भाग आहेत त्यांनी त्यांच्या किमतीचा एखादा छापील पुरावा आधीच घरात ठेवावा, हे सहज करता येण्याजोगे आहे.

दुरुस्ती : चार वाटा

गाडी उचलून कार्यशाळेत नेल्यावर कळले की नवा भाग मागवावा लागेल आणि त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. रोजच्या कामाची गाडी एवढे दिवस उभी राहणे मालकांना परवडणारे नव्हते, आणि या काळात त्यांच्यापुढे चार पर्याय आले.

पहिला नव्या भागाची वाट पाहण्याचा. दुसरा एका गॅरेजवाल्याने सुचवलेला : जुना पण 'ओरिजनल' सायलेन्सर, किंमत नव्याच्या एक तृतीयांश, संध्याकाळपर्यंत बसवून मिळेल. तिसरा म्हणजे आत काही नसलेली नुसती नळी आणि डबा, आवाज बंद होण्यापुरता. चौथा बाहेरच्या कंपनीचा, कन्व्हर्टरसह पण या गाडीसाठी प्रमाणित असल्याचा कोणताही कागद नसलेला भाग.

दुसऱ्या पर्यायाचा मोह सर्वांत मोठा होता आणि मालक त्याच्या बरेच जवळ गेले होते. तो त्यांनी सोडला तो नीतीपेक्षा एका साध्या प्रश्नामुळे, जो त्यांच्या पत्नीने विचारला : "हा कोणाच्या गाडीतून निघाला?" गॅरेजवाल्याकडे देयक नव्हते. चोरीचा माल असल्याचे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, आणि ज्याच्या स्वतःच्या गाडीतून आठवड्यापूर्वी तोच भाग गेला आहे त्याला संशय यायला कारण नव्हते असे म्हणता येणार नाही. गल्लीतल्या चोरीला गिऱ्हाईक कोण, याचे एक अप्रिय उत्तर असे आहे की ज्यांची चोरी झाली तेच पुष्कळदा पुढचे गिऱ्हाईक होतात.

नुसत्या नळीचा पर्याय स्वस्त दिसतो, पण बीएस-६ गाडीत कन्व्हर्टरच्या आधी आणि नंतर असे दोन सेन्सर धुराचे मोजमाप करत असतात. कन्व्हर्टर नाही हे गाडीला कळते आणि इंजिनाचा दिवा पेटतो. प्रदूषण मर्यादेचे उल्लंघन केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने परवान्यास अपात्रता अशी तरतूद आहे. चौथ्या पर्यायात भाग किती टिकेल याची हमी देणारे कोणी नव्हते. मालकांनी वाट पाहिली, आणि मधल्या काळात ओळखीच्या टेम्पोवाल्याकडून रोजच्या बोलीवर गाडी घेतली. तो खर्च विम्यात मिळत नाही. मानक करारात अशा आनुषंगिक नुकसानीला जागा नाही.

विम्याचा हिशेब

दावा करावा की नाही यावर घरात वाद झाला, कारण मालकांच्या खात्यात तीन वर्षे दावा न केल्याची ३५ टक्के सवलत जमा होती आणि पुढच्या नूतनीकरणाला ती ४५ होणार होती. हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे, कारण बहुतेक लोक तो मनातल्या मनात करतात आणि चुकतात.

मानक करारात धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे घसारा कापला जातो : तीन ते चार वर्षांच्या गाडीला २५ टक्के, चार ते पाचला ३५, पाच ते दहाला ४०. रबर व प्लॅस्टिकवर सरसकट ५० टक्के, काचेवर काही नाही. इकोचे इंजिन १,५०० घनसेंटिमीटरच्या आतले असल्याने सक्तीची वजावट १,००० रुपये. ५२ हजारांतून १३ हजार घसारा गेला, मजुरीचे २ हजार मिळाले, १ हजार वजा झाला; हाती यायचे ४० हजार. आता गमावायचे काय ते पाहू. त्यांचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता सवलतीपूर्वी सुमारे ९ हजार होता. दावा न केल्यास पुढची पाच वर्षे सवलत ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के. केल्यास ०, २०, २५, ३५, ४५. पाच वर्षांतला एकूण फरक १२० टक्के, म्हणजे हप्ता तेवढाच राहिला असे धरले तरी १०,८०० रुपये. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्ष तोटा याहून कमीच. दावा करणे निर्विवाद फायद्याचे होते.

हाच हिशेब ६ हजारांच्या प्लॅस्टिक आरशाला लावला तर घसारा आणि वजावट जाऊन २ हजार मिळतात आणि त्यासाठी तेच १०,८०० पणाला लागतात. शून्य घसाऱ्याची जोड, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारे जादा संरक्षण, घेतलेली असेल तर आकडे बदलतात. मालकांनी ती दुसऱ्या वर्षी काही शे रुपये वाचवण्यासाठी बंद केली होती.

अंदाजपत्रक ५० हजारांच्या वर असल्याने परवानाधारक सर्वेक्षकाची पाहणी आवश्यक होती. त्याने एक अवघड प्रश्न विचारला : गाडी खाजगी आहे, मग मागे हत्यारांच्या पेट्या आणि गॅसचे सिलिंडर कशासाठी? खाजगी गाडीच्या करारात भाडोत्री वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. स्वतःच्या कामाची हत्यारे सोबत नेणे आणि माल वाहून नेण्याचा धंदा करणे यांत फरक आहे, हे मालकांना लेखी स्पष्ट करावे लागले आणि दावा मंजूर झाला. ज्यांची इको खरोखरच डबे, दूध किंवा पार्सल पोचवते आणि नोंदणी मात्र खाजगी आहे, त्यांच्या वाट्याला हा प्रश्न इतक्या सहज सुटेल असे वाटत नाही.

संस्थेची सभा आणि पहिला उपाय

चोरीनंतरच्या आठवड्यात व्यवस्थापक समितीची सभा झाली. तीत चार सूचना आल्या : फाटकावर आणि भिंतीवर कॅमेरे, रात्रीसाठी आणखी एक पहारेकरी, गुलमोहराच्या फांद्या छाटून घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज, आणि इकोला रात्रीपुरती आत जागा. पहिल्या तिन्हींवर फारसे मतभेद नव्हते. चौथीवर तासभर गेला. खजिनदारांचे म्हणणे रास्त होते : "अहो, चिठ्ठ्या सर्वांसमोर टाकल्या आहेत. आज तुमच्या गाडीला आत घेतले तर उद्या प्रत्येकजण म्हणेल माझी गाडी धोक्यात आहे. शिवाय ही तुमच्या धंद्याची गाडी." आदर्श उपविधींत जागा कमी आणि वाहने जास्त असतील तेव्हा चिठ्ठ्यांनी वाटप करण्याची पद्धत आहे, गाडीचा कोणता प्रकार चोरांना अधिक सोयीचा आहे याचा विचार तीत कुठेच येत नाही.

सभेने कॅमेरे घेतले. सहा कॅमेरे बसले आणि त्या खर्चात वर्षाची इतर दुरुस्तीची तरतूद जवळपास संपली. अर्ज टपालात टाकायचा राहिला, पहारेकरी पुढच्या अर्थसंकल्पावर गेला आणि जागेचा विषय तहकूब झाला. संस्थांचा अनुभव असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही : ज्या उपायाचे देयक मिळते आणि ज्याने कोणाचीही गैरसोय होत नाही, तो प्रथम मंजूर होतो.

दुसरी चोरी

गणपतीनंतर थोड्याच दिवसांत त्याच भिंतीलगत उभ्या असलेल्या एका सातआसनी गाडीची स्टेपनी गेली. या गाडीत जादा चाक मागच्या बाजूला बुडाखाली टांगलेले असते आणि ते खाली सोडायला गाडीचे दार उघडावे लागत नाही. कॅमेऱ्यांनी सर्व काही टिपले : दोन माणसे, अंगात रेनकोट, डोक्यावर टोपरे, एक स्कूटर, तिच्या क्रमांकाच्या पाटीवर चिखल. एकजण खाली गेला, दुसरा मोबाइल बघत उभा राहिला, जणू कोणाची वाट पाहत आहे. संपूर्ण काम सात मिनिटांत आटोपले. फाटकावरचा पहारेकरी केबिनमध्ये जागा होता. त्याच्यासमोरच्या पडद्यावर हे दिसत होते, पण सहा चौकटींपैकी एकीत माणूस मोबाइल बघत उभा असणे ही हाक मारण्याजोगी गोष्ट त्याला वाटली नाही.

पहिल्या चोरीनंतर जे प्रश्न विचारले गेले नाहीत ते यानंतर विचारले गेले. चोर किती वेळ खाली होता? तो वेळ त्याला कशामुळे मिळाला? उत्तरे रस्त्यावरच होती. तिथे अंधार होता. गाडीच्या आड माणूस दिसत नव्हता. आणि, जे सर्वांत उशिरा लक्षात आले, डावी चाके पदपथावर चढवल्यामुळे गाडीखाली एका बाजूने चांगली हातभर जागा मोकळी होत होती. रहदारीला अडथळा नको म्हणून लावलेली ती शिस्त चोराला रॅम्पचे काम देत होती. कॅमेरा यांपैकी कशातही फरक करत नव्हता. तो झालेल्या गोष्टीची नोंद ठेवत होता. नोंदीचा उपयोग आहे, परंतु अंधार, आडोसा आणि खाली सरकायची जागा या तीन गोष्टी आधी काढून घेतल्या असत्या तर नोंद करावी लागली नसती अशी शक्यता बरीच होती, आणि त्या तिन्हींचा मिळून खर्च कॅमेऱ्यांच्या एका हप्त्याएवढाही नव्हता.

स्टेपनीच्या मालकांनी दावा केला नाही. टायरच्या नुकसानीची भरपाई गाडीचेही त्याच वेळी नुकसान झाले असेल तरच आणि तीही निम्मी, अशी अट असल्याने त्यात फारसे काही मिळण्यासारखे नव्हते.

मग काय बदलले

फांद्यांचा अर्ज विभाग कार्यालयात गेला. झाड स्वतः तोडायचा उत्साह दोन सभासदांनी दाखवला होता, पण १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय ते करता येत नाही, म्हणून त्यांना आवरावे लागले. छाटणी झाल्यावर दिव्याचा उजेड भिंतीपर्यंत आला.

जागेचा प्रश्न नियम न बदलता सुटला. स्टिल्टखाली जागा असलेल्या एका निवृत्त शिक्षिकेची छोटी हॅचबॅक आठवड्यातून दोनदाच बाहेर पडत असे. तिचे बूड जमिनीलगत, चाक डिकीत. त्यांनी रात्री दहा ते सकाळी सहा जागा बदलून घेण्याची तयारी दाखवली आणि तसे संमतिपत्र संस्थेला दिले. इको आत आली. तिची धुराच्या नळीची बाजू भिंतीला वीतभर अंतरावर राहील अशी लावण्याची खूण जमिनीवर रंगवली. बाहेरच्या गाड्यांनी चारही चाके रस्त्यावर ठेवायची असे ठरले. त्यामुळे रस्ता आणखी अरुंद झाला आणि पहाटे येणाऱ्या घंटागाडीची दोनदा तक्रार आली, ती एक जागा रिकामी सोडून मिटवावी लागली.

मालकांनी गाडीपुरते काय करायचे यातही निवड होती. गॅरेजवाल्याने लोखंडी सळया सायलेन्सरवर वेल्ड करून द्यायची तयारी दाखवली होती. सीएनजी गाडीखाली वेल्डिंग करणे, आणि तेही सिलिंडरची झडप बंद न करता व बॅटरी न सोडता, हे जिवावरचे आणि गाडीच्या संगणकावरचेही संकट आहे. शिवाय पुढे सायलेन्सर बदलायचा झाला तर सगळे कापावे लागते. त्याऐवजी त्यांनी बोल्टवर बसणारी लोखंडी जाळी घेतली, जिच्या नटांची डोकी घट्ट आवळल्यावर तुटून जातात आणि नेहमीचा पाना लागत नाही. अशी जाळी कापता येतेच. कापायला आवाज होतो आणि वेळ लागतो, तिचे काम तेवढेच आहे. धक्क्याने वाजणारा अलार्मही लावून पाहिला, पण ढोल-ताशांच्या सरावाने तो रोज संध्याकाळी वाजू लागला आणि शेजाऱ्यांच्या आग्रहाने निघाला.

पहारेकऱ्यासाठी रात्री फेरीची नोंदवही सुरू झाली. पहिल्या महिन्याच्या वहीत सर्व वेळांच्या सह्या एकाच शाईत, एकाच तिरक्या वळणात सापडल्या. नंतर वही बंद करून भिंतीच्या टोकाला एक बटण बसवले, जे दाबल्यावर वेळ आपोआप नोंदली जाते.

तपासाचे पुढे काय झाले

काही महिन्यांनी मालकांना एका दुसऱ्या गुन्ह्यात जप्त केलेला माल ओळखण्यासाठी बोलावण्यात आले. जमिनीवर वीसएक सायलेन्सर होते, बहुतेकांचे डबे कापून आतली वीट काढलेली. त्यांत त्यांचा असेलही. सांगता आले नाही. गाडीचा चॅसिस क्रमांक चॅसिसवर असतो, सायलेन्सरवर नसतो. आता नव्या डब्याच्या बाहेरच्या जाड पट्टीवर नोंदणी क्रमांक कोरलेला आहे आणि त्याचा फोटो देयकासोबत ठेवला आहे. साधा रंग तिथल्या उष्णतेने जळून जातो, म्हणून कोरणेच योग्य. वीट काढून घेतल्यावर कोरलेल्या क्रमांकाचा उपयोग धातू परत मिळण्यासाठी होणार नाही. पण क्रमांक असलेला डबा बिनदेयकाने घेताना भंगारवाल्याला जो विचार करावा लागतो, तो बिनक्रमांकाचा घेताना करावा लागत नाही. मालकांच्या गुन्ह्यात अखेर 'ए' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, असा अहवाल गेला.

या संस्थेच्या भिंतीलगत त्यानंतर चोरी झालेली नाही. दोन गल्ल्या पलीकडे, जिथे दिवा झाडाआड आहे, तिथे मात्र आणखी एका इकोचा सायलेन्सर गेला. तिथल्या संस्थेने चौकशी केली तेव्हा सचिवांनी आपल्या छाटणीच्या अर्जाची प्रत आणि जाळी बसवणाऱ्याचा क्रमांक दिला.

सध्याची स्थिती

ज्या शिक्षिकांनी जागा बदलून दिली होती त्या पुण्याला मुलाकडे राहायला जात असून फ्लॅट विकायला काढला आहे. संमतिपत्र त्यांच्यापुरतेच होते. नव्या मालकावर ते बंधनकारक नाही. आगामी वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सूचनापत्रात चिठ्ठ्यांपूर्वी बुडाखालून भाग काढता येण्याजोग्या गाड्यांसाठी दोन जागा रात्रीपुरत्या राखून ठेवण्याचा विषय घेतला आहे, आणि त्यावर तीन सभासदांनी आधीच लेखी हरकत नोंदवली आहे.